आखाजीनंतरचा टोस्ट: धुळ्याच्या उन्हात स्पार्कलिंग वाइनची निवड

हे प्रकरण एका ओळखीच्या कुटुंबातलं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नावं आणि गाव वगळून. मी सहा वर्षं नाशिकजवळच्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये (जिथे पाहुण्यांना वाइन चाखवतात) काम केलं, आता धुळ्यात राहते. या घरात मी सल्ला द्यायला गेले होते, पण माझेही दोन अंदाज चुकले. तेही खाली आले आहेत.

पार्श्वभूमी

धुळे तालुक्यातलं शेतकरी घर. कापूस, कांदा, विहिरीजवळ दहा-बारा आंब्याची झाडं. जुनं धाब्याचं घर अजून उभं आहे, शेजारी स्लॅबचं नवं. घरचे अप्पा चौसष्ट वर्षांचे, आक्का साठीच्या. मोठा मुलगा नाशिकला नोकरीला (त्याला इथे दादा म्हणते), मुलगी पुण्यात (तिला ताई).

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोनच दिवसांनी येत होता. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, आत्या, चुलतबहिणी, जावई सगळे एका छपराखाली. त्यामुळे वेगळं आमंत्रण द्यायची गरजच नव्हती. घरची आणि जवळची मिळून चाळीस माणसं. जेवणाचा बेत आक्कांनी आधीच ठरवला होता: शेवभाजी, वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, आणि शेवटी खापरावरचे मांडे नि आमरस.

दादाची इच्छा होती की आई-वडिलांच्या नावाने सगळ्यांनी एकदा शॅम्पेनचा पेला उंचवावा. अप्पा कधीमधी घेणारे, त्यांची हरकत नव्हती. आक्का माळकरी. त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्हनं तुम्ही करा, माले पन्हंच बरं.” ठरलेला खर्च वीस हजार.

अडचण

दादाने मला फोन केला तो पहिला प्रयोग फसल्यानंतर. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी त्याने चव बघायला म्हणून नाशिकहून देशी ब्रूटच्या (कमी गोड, बुडबुड्यांच्या स्पार्कलिंग वाइनच्या) दोन बाटल्या आणल्या होत्या. वाटेत मालेगावला काम होतं. गाडी दोन तास उन्हात उभी, बाटल्या डिकीत. घरी आल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लगेच उघडली. बूच उडून ओट्यावरच्या पत्र्याला लागलं, अर्धी वाइन फेस होऊन जमिनीवर गेली. उरलेली पेल्यात ओतली तर कोमट, आंबट, घशाशी कडसर. अप्पांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. “हाई ते आंबट सोडा शे.”

घरात मत ठरून गेलं की ही वाइन वाईट आहे, आपल्या तोंडाची नाही. दादाचा मला प्रश्न होता, “याच्यापेक्षा गोड आणि भारी कोणती घेऊ?”

मला त्याच क्षणी जाणवलं की प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. वाइनबद्दल मत बनलं होतं, पण वाइन धड चाखलीच गेली नव्हती. अशा बाटलीत थंड तळघरातसुद्धा पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. द्रव तापला की त्यात विरघळलेला वायू धरून राहत नाही आणि दाब आणखी वाढतो. मे महिन्यात धुळ्याची डिकी म्हणजे भट्टी. तिथे तापलेली बाटली अर्ध्या तासात फक्त काचेपुरती गार होते. उघडताक्षणी वायू एकदम सुटतो, मग पेल्यात उरतं ते बुडबुडे गेलेलं आंबट पाणी. वर कोमट वाइनमध्ये अल्कोहोलही जास्त टोचतो.

म्हणून पहिला निर्णय असा झाला की काहीही खरेदी करण्याआधी त्याच वाइनची पुन्हा चाचणी घ्यायची. दादाकडे दुसरी बाटली शिल्लक होती, पण ती तापून गेलेली. तीच पुन्हा गार करून वापरावी असं तो म्हणत होता. मी नको म्हटलं. एकाच वेळी दोन गोष्टी तपासायला गेलं की दोष कुणाचा ते कळत नाही. त्याच दुकानातून, त्याच नावाची नवी बाटली आणायला सांगितली.

दुसरी चाचणी

ही संध्याकाळ मला नीट आठवते. बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत बाटली गळ्यापर्यंत चाळीस मिनिटं ठेवली. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये बाटली खोचून ठेवली तर खड्यांच्या मधल्या हवेमुळे ती हळू गार होते. पाणी घातलं की थंडावा चहूकडून काचेला भिडतो. मूठभर मीठ टाकलं की आणखी लवकर. अशी वाइन सहा ते आठ अंशांना प्यायची असते.

बूच दादानेच काढलं, मी शेजारी उभी. बुचावर अंगठा दाबून ठेवायचा आणि तारेच्या जाळीचं कडं सहा अर्धे वेढे फिरवून सैल करायचं. मग बाटली तिरपी धरायची, तोंड माणसांकडे नाही. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही. ते आपोआप वर येऊ लागतं, तेव्हा त्याला उलट दाबून अडवायचं. शेवटी फक्त ‘सूं’ असा हलका आवाज आला. एक थेंब सांडला नाही. अप्पा खुर्ची ओढून जवळ आले.

टेबलावर मी तीन वाट्या मांडल्या होत्या. एकीत आक्कांनी त्याच आठवड्यात वाळवलेले आणि आत्ता तळलेले ज्वारीचे बिबडे, दुसरीत शेवभाजीचा रस्सा, तिसरीत आमरस.

बिबडा कुरकुरीत, तेलकट, खारट, तिळाचा आणि लसणाचा वास असलेला. त्याच्यावर ब्रूटचा घोट घेतला की आंबटपणा तेल कापून काढतो, बुडबुडे जीभ पुसून टाकतात, आणि पुढचा बिबडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो. अप्पांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. “आते बरं लागस.” पहिल्या वेळी नाकारलेली तीच वाइन.

मग रस्सा. काळ्या मसाल्याची आणि मिरचीची आग तोंडात असताना वाइन घेतली तर आग वाढली. अल्कोहोल तिखटाला चढवतो, आणि बुडबुड्यांची टोचणी त्यात भर घालते. ताईने लगेच ताकाचा पेला मागितला.

आमरसाचं काय होणार याचा मला अंदाज होता, पण त्यांनी स्वतः बघावं असं वाटत होतं. रसाच्या चमच्यानंतर तीच वाइन लिंबूपाण्यासारखी लागली, साखर न घातलेल्या. पिकलेल्या आंब्यात शंभर ग्रॅमला चौदा-एक ग्रॅम साखर असते. ब्रूटमध्ये लिटरला जास्तीत जास्त बारा. जीभ एवढी गोड झालेली असताना वाइनमधला उरलासुरला गोडवा दिसेनासा होतो आणि नुसता आंबटपणा पुढे येतो.

दादाची मूळ कल्पना टोस्ट जेवणाच्या शेवटी, मांडे-आमरसाबरोबर करण्याची होती. ही चाचणी झाली नसती तर चाळीस जणांनी तसाच घोट घेतला असता आणि घराने कायमचं ठरवलं असतं की हे आपल्यासाठी नाही.

पर्याय

पहिला पर्याय खऱ्या शॅम्पेनचा. शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या ईशान्येला रेंस आणि एपर्ने या गावांभोवतीच्या त्याच नावाच्या प्रदेशात, तिथल्याच द्राक्षांपासून, ठरलेल्या पद्धतीने केलेली वाइन. मुख्य द्राक्षं शार्दोने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए. तयार वाइन बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, बूच लावतात, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबू देतात. त्यातून बुडबुडे येतात. मेलेल्या यीस्टबरोबर वाइन महिनोन् महिने पडून राहते, म्हणून तिला भाजलेल्या पावाचा वास येतो. साधी शॅम्पेनसुद्धा बाटलीत किमान पंधरा महिने काढते. शेवटी बाटली हळूहळू उलटी करून गाळ गळ्याशी आणतात, काढून टाकतात आणि गोडव्यापुरती थोडी साखर घालून पुन्हा बूच मारतात.

अप्पांना नावाचा मुद्दा समजावताना जळगावचं भरीत वांगं कामी आलं. त्याला भौगोलिक मानांकन आहे, दुसरीकडचं वांगं कितीही चांगलं असलं तरी ते नाव लावता येत नाही. शॅम्पेनचं तसंच. भारतातही ते नाव नोंदलेलं आहे. म्हणून नाशिकच्या बाटलीवर ‘स्पार्कलिंग वाइन’ लिहिलेलं असतं. त्यात कमीपणा नाही, ते फक्त खरं लिहिणं आहे.

दुकानदाराने सांगितलेल्या भावाने खऱ्या शॅम्पेनच्या एका बाटलीत देशी ब्रूटच्या चार ते पाच बाटल्या येत होत्या. वीस हजारांत तीन बाटल्या, म्हणजे अठरा पेले. चाळीस माणसांत अर्ध्यांना घोटभर मिळाली असती. मला शॅम्पेन मनापासून आवडते, तरीही मी या पर्यायाच्या विरोधात बोलले.

दुसरा पर्याय इटलीच्या प्रोसेक्कोचा किंवा स्पेनच्या कावाचा. प्रोसेक्को ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, दुसरं आंबवणं मोठ्या बंद टाक्यांत. म्हणून ती हलकी, फळांच्या वासाची आणि शॅम्पेनहून स्वस्त. कावा शॅम्पेनसारखीच बाटलीत आंबवतात, किमान नऊ महिने. आम्ही विचारलेल्या दुकानांत दोन्ही नव्हत्या. इथे फार वेळ घालवला नाही.

तिसरा पर्याय नाशिकचा. नारायणगावला १९८०च्या दशकात फ्रेंच मदतीने बाटलीत आंबवलेली स्पार्कलिंग वाइन तयार झाली, ती परदेशीही गेली. पुढे नाशिकला सुला या वायनरीने सुरुवात केली, २०१३ साली मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने दिंडोरीत केलेली शांदाँ बाजारात आली. नाशिकच्या बऱ्याच स्पार्कलिंग वाइनमध्ये शेनिन ब्लाँ हे द्राक्ष असतं. त्याचा आंबटपणा टिकावा म्हणून ती द्राक्षं हंगामाच्या अगदी सुरुवातीला, पूर्ण गोड व्हायच्या आत तोडतात. आम्ही चाखलेली बाटली याच जातीची.

चौथा पर्याय गोड वाइनचा, आणि गोंधळ इथे सगळ्यात जास्त होता. दादाने दुकानात ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली बाटली बघितली होती आणि ती ब्रूटहून कोरडी असणार म्हणून बाजूला ठेवली होती. प्रत्यक्षात ती ब्रूटहून गोड असते. लिटरमागे साखर अशी: ब्रूट नेचर तीन ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ब्रूट सहापर्यंत, ब्रूट बारापेक्षा कमी, एक्स्ट्रा ड्राय बारा ते सतरा, ड्राय किंवा सेक सतरा ते बत्तीस, डेमी-सेक बत्तीस ते पन्नास. शब्दाचा अर्थ लावत बसण्यापेक्षा हा क्रम कागदावर लिहून खिशात ठेवावा. टेस्टिंग रूममध्ये मी असंख्य लोकांना असेच कागद दिले आहेत.

पण आमरसापुढे डेमी-सेकही टिकत नाही. गोडाबरोबर वाइन त्या पदार्थाइतकी तरी गोड हवी. त्यासाठी इटलीच्या मोस्कातो दास्तीसारखी, लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे साखर असलेली वाइन लागली असती. ती धुळ्यात मिळेना.

पाचवा पर्याय ताईने मांडला: वाइन सोडून द्यावी आणि सगळ्यांनी पन्हंच घ्यावं. हा आम्ही खरोखर तोलला. घरात माळकरी माणसं होती, आक्का स्वतः घेणार नव्हत्या, आणि वाढदिवस त्यांचाही होता. अप्पा म्हणाले, “तिना पेला रिकामा दिसाले नको.” हे वाक्य पुढच्या सगळ्या आखणीत आमच्या डोक्यात राहिलं.

काय केलं

वाइन बदलायच्या ऐवजी वेळ बदलली. टोस्ट जेवणाच्या शेवटाहून उचलून संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी अंगणात नेला. बरोबर तळलेले बिबडे, कुरडया, खारे शेंगदाणे. शेवभाजीपासून पुढे वाइन बंद, ताक आणि पाणी.

बाटल्यांचा हिशोब: घेणारे चोवीस, प्रत्येकी दोन पेले, म्हणजे अठ्ठेचाळीस. साडेसातशे मिलीच्या बाटलीत सव्वाशेचे सहा पेले निघतात, म्हणून आठ बाटल्या ब्रूट. वर ज्यांना आंबट नको त्यांच्यासाठी दोन डेमी-सेक. खर्च ठरलेल्या रकमेच्या आत राहिला. समारंभ घरचा असला तरी माणसं बरीच, म्हणून दादाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना घेतला. एकवीस वर्षांखालच्यांना पेला नाही, आणि परत गाडी चालवणारे तीन जण आधीच ठरवले.

वाहतुकीत पहिल्या वेळची चूक टाळली. दादा नाशिकहून पहाटे पाचला निघाला, बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात, डिकीत नाही तर मागच्या सीटखाली, एसी चालू. वाटेत कुठे थांबला नाही. नऊच्या आत घरी. फ्रीज आमरसाच्या पातेल्यांनी भरलेला, म्हणून बाटल्या जुन्या धाब्याच्या घरात माजघराच्या जमिनीवर ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. बाहेर त्रेचाळीस अंश असताना त्या जाड मातीच्या भिंतींआड हात लावला तर जमीन गार लागत होती.

संध्याकाळी सहाला बर्फाची लादी फोडून आक्कांच्या लग्नातल्या दोन पितळी घंगाळांत भरली, पाणी आणि मीठ घातलं, बाटल्या उभ्या केल्या. उघडण्याचं काम दादा आणि जावई दोघांनीच केलं. पुतण्यांना बूच उडवायचं होतं, गाडीच्या शर्यतीत दाखवतात तसं. नको म्हणून सांगितलं. ते बूच डोळ्याला लागलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि अंगणात बारा लहान मुलं होती.

आक्का आणि इतर न घेणाऱ्या सोळा जणांना तसल्याच उंच पेल्यांत कैरीचं पन्हं दिलं, केशर घातलेलं. दुरून बघितलं तर कुणाच्या हातात काय आहे ते ओळखू येत नव्हतं.

निष्पत्ती

ब्रूटच्या आठपैकी साडेसहा बाटल्या संपल्या. बिबड्यांची दोन ताटं पुरली नाहीत, आक्कांना पुन्हा कढई चढवावी लागली. अप्पांनी दोन्ही पेले संपवले आणि बाटलीवरचं नाव चष्मा लावून वाचलं.

डेमी-सेकच्या दोन बाटल्या मात्र दहा मिनिटांत संपल्या. आत्या, चुलतबहिणी, एक मामी, ज्यांनी ब्रूटचा एक घोट घेऊन तोंड वेडावलं होतं, त्या सगळ्यांना ती आवडली. मागून आलेल्यांना उरली नाही. माझा हा अंदाज साफ चुकला. चाचणीला आम्ही चौघंच होतो आणि चौघंही अधूनमधून वाइन घेणारे. पहिल्यांदा घेणाऱ्याची जीभ त्या टेबलावर नव्हतीच.

दुसरी चूक पेल्यांची. भाड्याचे पेले कपडे धुण्याच्या पावडरीने धुतले होते आणि नीट विसळले नव्हते. साबणाचा अंश राहिला की फेस टिकत नाही, वाइन ओतताच मरगळते. पहिल्या दहा-बारा जणांना तसेच पेले गेले. लक्षात आल्यावर उरलेले गरम पाण्यातून काढून सुती पंच्याने पुसले आणि त्यांत बुडबुड्यांच्या रेघा छान चढू लागल्या. काचेला चिकटलेले कापसाचे बारीक तंतूच बुडबुड्याला सुरुवात करून देतात, त्या तंतूत अडकलेल्या हवेभोवती वायू जमतो. कापूस पिकवणाऱ्या त्या घरात हे सांगितल्यावर अप्पांनी पेला दिव्याकडे धरून बराच वेळ बघितला.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणीला कधीच वाइन न घेतलेल्या दोन-तीन जणांना बसवायला हवं होतं. तसं केलं असतं तर मी ब्रूट पाच आणि डेमी-सेक पाच अशी वाटणी सुचवली असती. खर्च तेवढाच राहिला असता.

पेले आदल्या दिवशी मागवून, गरम पाण्याने विसळून, पालथे न घालता सुकवायला हवे होते. पालथ्या पेल्यात फडक्याचा आणि ओलीचा वास कोंडतो.

वेळ साडेसात केली असती तरी चाललं असतं. सातला अंगणातल्या फरशीचा ताव उतरला नव्हता आणि पेला हातात पाच मिनिटांत कोमट होत होता. आम्ही पेले अर्धेच भरायला लागलो, पण हे उशिरा सुचलं.

दादाच्या मनात अजून एक खंत आहे. पहिल्या प्रयोगातली ती तापलेली दुसरी बाटली त्याने टाकून दिली. मला ती नीट गार करून उघडून बघायची होती, ताज्या बाटलीशेजारी ठेवून, म्हणजे उन्हाने चवीचं नेमकं किती नुकसान होतं ते घरच्यांना दिसलं असतं. पुढच्या आखाजीला ताईने मोस्कातो दास्तीची एक बाटली पुण्याहून आणायचं कबूल केलं आहे, फक्त आमरसाबरोबर चाखायला. तिला पहाटेच्या गाडीने यायला सांगितलं आहे.